आयल रॉयलच्या अभ्याससहलीत लांडगा दिसणार नाही, हे मुलांना आधीच सांगा

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेट्रॉइट परिसरातील एका मराठी शाळेच्या शिक्षिका येत्या उन्हाळ्यात नववी ते बारावीच्या चौदा विद्यार्थ्यांना सहा पालकांसह लेक सुपीरिअर या सरोवरातील आयल रॉयल बेटावरच्या राष्ट्रीय उद्यानात नेऊ इच्छितात. त्यांच्या हाताशी सहा दिवस आहेत. बेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून पार करावे का, लांडगे दिसण्याची शक्यता किती, या वयाच्या मुलांसाठी ते सुरक्षित आहे का, आणि ही नुसती सहल न राहता तिला अभ्यासाचे रूप कसे द्यावे, असे त्यांचे चार प्रश्न आहेत. मी मिशिगनमध्ये महाविद्यालयात परिसंस्थाशास्त्र शिकवतो आणि विद्यार्थ्यांना घेऊन या बेटावर वरचेवर जातो. ताई, आपण शेवटी विचारलेला प्रश्न मी आधी घेतो, कारण त्याचे उत्तर एकदा ठरले की किती चालायचे, कुठे राहायचे आणि मुलांना कशाची आशा दाखवायची हे बरेचसे आपोआप ठरते.

आधी बेटाविषयी. आयल रॉयल हे सुमारे ७२ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त १४ किलोमीटर रुंद असे चिंचोळे बेट आहे. ते मिशिगन राज्यात मोडते, पण मिनेसोटा आणि कॅनडाचा किनारा त्याला अधिक जवळ, सुमारे २४ किलोमीटरवर आहे. १९४० साली ते राष्ट्रीय उद्यान म्हणून अस्तित्वात आले, १९७६ साली त्याच्या जवळजवळ सगळ्या भूभागाला कायद्याने ‘वन्य प्रदेश’ हा दर्जा मिळाला आणि १९८० पासून ते युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांमध्ये गणले जाते. बेटावर मोटारी नाहीत आणि सायकलीही चालत नाहीत, मोबाइलला रेंज मिळेल हे गृहीत धरू नये आणि १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात उद्यान पूर्णपणे बंद असते. अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की आसपासच्या मुख्य भूमीवर सस्तन प्राण्यांच्या चाळीसहून अधिक जाती आहेत, तर बेटावर त्यांच्या निम्म्याही नाहीत. अस्वल नाही, हरीण नाही, रॅकून नाही, साळिंदर नाही. मोठा शाकाहारी प्राणी एकच, तो म्हणजे हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी मूस; आणि त्याला मारू शकणारा शिकारी प्राणीही एकच, तो म्हणजे लांडगा. जंगलातील गुंतागुंत इतकी कमी झालेली जागा जगात फार थोडी आहे, आणि म्हणूनच १९५८ साली पर्ड्यू विद्यापीठातील ड्युरवर्ड ॲलन यांनी येथे लांडगा आणि मूस यांच्या संबंधाचा अभ्यास सुरू केला. तो दहा वर्षांसाठी आखलेला होता आणि अजून चालू आहे. पुढे रॉल्फ पीटरसन आणि जॉन वुसेटिच यांनी होटनच्या मिशिगन टेक विद्यापीठातून तो सांभाळला. भक्ष्य आणि भक्षक यांचा इतका दीर्घकाळ, न थांबता झालेला अभ्यास दुसरा नाही.

आपल्या सहलीचा विषय हाच असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सहा दिवसांत भूगर्भशास्त्र, वनस्पती, पक्षी, जहाजांचे अवशेष आणि दीपगृहे असे सगळे थोडे थोडे दाखवण्याचा मोह होतो. पण तसे केले की मुलांच्या वहीत नावांची यादी होते आणि डोक्यात काही राहत नाही. एकच प्रश्न घेऊन जावे: या बेटावर कोण कोणाला रोखून धरते, आणि हे आपल्याला कसे कळते? यातला दुसरा अर्धा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

याची तयारी घरी करावी लागते. संशोधकांनी १९५९ पासून जवळजवळ दर हिवाळ्यात लहान विमानातून केलेल्या मोजणीचे आकडे सर्वांना उपलब्ध आहेत. निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे आधी मुलांना ते काहीही स्पष्टीकरण न देता द्यावेत, आलेख हाताने काढायला लावावा आणि आलेख पाहून पुढच्या दहा वर्षांत काय होईल याचा अंदाज लिहून घ्यावा. शाळेच्या पुस्तकात ‘निसर्गाचा समतोल’ शिकलेली मुले हमखास सांगतात की लांडगे वाढले की मूस कमी होतील, मग लांडगे कमी होतील, मग मूस वाढतील, आणि हे चक्र असेच फिरत राहील. त्यानंतर प्रत्यक्ष काय घडले ते टप्प्याटप्प्याने उघड करावे.

मूस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या बेटावर आले. ते पोहत आले असावेत, असा बहुतेकांचा कयास आहे, कारण मूस उत्तम पोहतो. तेव्हा बेटावर लांडगे नव्हते. १९२९-३० मध्ये ॲडॉल्फ म्युरी यांनी पाहणी केली तेव्हा मूस इतके झाले होते की त्यांनी खाण्याजोगी झाडे संपत चालल्याचा इशारा दिला, आणि १९३०च्या दशकातच मूस उपासमारीने मोठ्या संख्येने मेले. १९४०च्या दशकाच्या अखेरीस लेक सुपीरिअर गोठले असताना काही लांडगे बर्फावरून चालत बेटावर पोहोचले. १९८० साली त्यांची संख्या ५० झाली. त्यानंतर कोणीतरी नियम मोडून कुत्रा आणला असावा. कुत्र्यांच्या पार्व्हो विषाणूची साथ लांडग्यांमध्ये पसरली आणि १९८२ मध्ये फक्त १४ लांडगे उरले. बेटावर आजही कुत्र्याला का सक्त बंदी आहे, याचे उत्तर मुलांना या एका आकड्यातून मिळते. लांडगे घटल्यावर मूस वाढत गेले, १९९५ मध्ये सुमारे २,४०० झाले, आणि १९९६चा अतिकडक हिवाळा, गोचिडांचा उपद्रव आणि अन्नाचा तुटवडा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे वर्षा-दोन वर्षांत सुमारे ५०० वर आले. म्हणजे त्या वेळी मूस कमी केले ते लांडग्यांनी नव्हेत.

यापुढचा भाग मुलांना सर्वांत जास्त धरून ठेवतो. १९९७ साली कॅनडाच्या बाजूने एक नर लांडगा बर्फावरून आला. संशोधक त्याला ‘ओल्ड ग्रे गाय’ म्हणत. त्याच्या येण्याने बेटावरील लांडग्यांना नवे रक्त मिळाले आणि सुरुवातीला फायदाही झाला. परंतु त्याची संतती इतकी वरचढ ठरली की थोड्याच वर्षांत बहुतेक सगळे लांडगे त्याचेच वंशज झाले आणि जवळच्या नात्यातील पैदास पुन्हा सुरू झाली. त्यांच्या हाडांमध्ये पाठीच्या मणक्यांचे जन्मजात दोष दिसू लागले. १९६०च्या दशकात बहुतेक हिवाळ्यांत बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये बर्फाचा पूल तयार होत असे. आता तो क्वचितच होतो, त्यामुळे बाहेरून नवा लांडगा येण्याची वाटच जवळजवळ बंद झाली. त्यात २०१२ साली तीन लांडगे तांब्याच्या जुन्या खाणीच्या पाण्याने भरलेल्या विवरात मेलेले सापडले. २०१६ ते २०१८ या काळात बेटावर दोनच लांडगे उरले होते. ते बाप-लेक होते आणि त्यांची आईही एकच होती. २०१९ मध्ये मूसांची संख्या २,००० च्या वर गेली.

या टप्प्यावर मुलांना थांबवून विचारावे की तुम्ही उद्यानाचे अधिकारी असता तर काय केले असते. हा प्रश्न खऱ्या अर्थाने खुला होता. १९६४च्या कायद्याचा मूळ भाव असा की वन्य प्रदेशात माणसाने हस्तक्षेप करू नये; मग लांडगे आणून सोडणे हा हस्तक्षेप होत नाही का? दुसऱ्या बाजूने असे म्हणता येते की बर्फाचा पूल नाहीसा होण्यामागे माणसाने वाढवलेले तापमान असेल, तर हात बांधून बसणे हाही एक हस्तक्षेपच आहे. या अभ्यासात अगदी सुरुवातीपासून काम केलेले डेव्हिड मीच यांनी वाट पाहावी असा पक्ष मांडला होता, तर पीटरसन आणि वुसेटिच लांडगे आणावेत या मताचे होते. एकाच बेटावर आयुष्य घालवलेल्या शास्त्रज्ञांमध्येही मतभेद होऊ शकतात, हे सोळा वर्षांच्या मुलांनी पाहणे मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोलाचे वाटते. अखेर २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत १९ लांडगे बाहेरून आणून बेटावर सोडण्यात आले. त्यांतले काही मिनेसोटा आणि मिशिगनच्या मुख्य भूमीवरून आले, काही ऑन्टॅरिओतून, आणि काही याच सरोवरातील मिशिपिकोटन बेटावरून. त्या बेटावर नेमकी उलट गोष्ट घडली होती: बर्फावरून गेलेल्या लांडग्यांनी तेथील कॅरिबू (रेनडिअर) जवळजवळ संपवले होते आणि आता लांडग्यांचीच उपासमार होत होती. त्यानंतर आयल रॉयलवर २०२४च्या हिवाळी मोजणीत सुमारे ३० लांडगे आणि ८४० मूस नोंदवले गेले. साठ-पासष्ट वर्षांच्या आलेखात पुस्तकातले नियमित चक्र सापडत नाही. सापडतो तो एक विषाणू, एक कडक हिवाळा, बर्फावरून आलेला एक नर आणि एक सरकारी निर्णय. हे समजूनच मुलांनी बोटीत पाय ठेवावा.

आता लांडगे दिसतील का, याविषयी. दिसणार नाहीत, असेच धरून चालावे. सोडलेल्या लांडग्यांची संख्या वाढल्यापासून पर्यटकांना ते पूर्वीपेक्षा अधिक दिसू लागले आहेत, हे खरे. रात्री ओरडणे ऐकू येऊ शकते, तेही खरे. पण लांडगा दाखवण्याचे आश्वासन देऊन मुलांना नेले, तर सहाही दिवस त्यांचे डोळे झाडांमागे लांडगा शोधत राहतात आणि पायाखालचा पुरावा तुडवला जातो. संशोधकांनाही उन्हाळ्यात लांडगा फारसा दिसत नाही. म्हणूनच ते हाडे, विष्ठा, झाडे आणि पायाचे ठसे वाचतात. मुलांनीही तेच करावे.

त्याचे एक उदाहरण जरा जवळून सांगतो. पायवाटेच्या कडेला कमरेच्या उंचीवरची एखादी कोवळी फांदी तुटलेली दिसली तर मुलांना भिंग देऊन तिचे टोक पाहायला सांगावे. टोक चाकूने कापल्यासारखे स्वच्छ आणि तिरके असेल तर ते सशाचे काम, कारण सशाला वर आणि खाली दोन्हीकडे धारदार पुढचे दात असतात. टोक फाटलेले असेल आणि त्याला सालीचे तंतू लोंबत असतील तर ते मूसाचे, कारण मूसाला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात आणि तो फांदी दाबून धरून ओढून तोडतो. सालीवर रुंद, समांतर खाचा असतील आणि खोड पेन्सिलीच्या टोकासारखे उतरते झाले असेल तर बीव्हर, म्हणजे झाडे कुरतडून पाण्यावर बांध घालणारा प्राणी. हे तीन फरक कळायला अर्धा तास पुरतो. त्यानंतर मुले शंभर मीटरच्या वाटेवरून कोण कुठे काय खाऊन गेले याचा नकाशा काढू लागतात. पालकही यात रमतात, किंबहुना मुलांपेक्षा जास्त.

याच धाग्यात बाल्सम फर हे सूचिपर्णी झाड येते. हिवाळ्यात मूसाच्या खाण्यात त्याचा मोठा वाटा असतो. बेटाच्या पश्चिम भागात वर्षानुवर्षे खुडले गेल्यामुळे गुडघ्याएवढेच राहिलेले, पण वयाने कित्येक दशकांचे फर आढळतात. १९९४ साली मॅक्लारेन आणि पीटरसन यांनी फरच्या खोडातील वार्षिक वलये मोजून दाखवले की लांडगे कमी आणि मूस जास्त असलेल्या वर्षांत वलये अरुंद होतात; म्हणजे शिकारी प्राण्याचा परिणाम झाडाच्या लाकडापर्यंत पोहोचतो. पश्चिमेकडील विंडिगो येथे मूसाला आत येऊ न देणारे कुंपण घातलेला एक तुकडा आहे. कुंपणाच्या आतील आणि बाहेरील झाडी शेजारी-शेजारी पाहिली की अधिक सांगावे लागत नाही. मात्र आपला मार्ग पूर्वेकडचा असेल (तो तसा असावा, हे पुढे सांगतो) तर विंडिगो राहून जाईल. तेव्हा मुलांना त्या कुंपणाची छायाचित्रे आधी दाखवून पूर्वेकडील फर आणि ती झाडी यांची तुलना करायला सांगावी.

हाडांबाबत एक सूचना अगदी ठामपणे पाळावी. जंगलात मूसाची कवटी, जबडा किंवा शिंगे सापडली तर पाहावीत, मोजावीत, रेखाटावीत, छायाचित्र घ्यावे, आणि होती तशीच ठेवावीत. उद्यानातून काहीही उचलून नेणे बेकायदा आहे आणि वैज्ञानिक नमुने गोळा करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. त्या हाडांना किंमत का आहे, हे सांगितले की मुले आपोआप हात आवरतात. दाताच्या मुळावर साचणाऱ्या थरांवरून मूसाचे वय काढता येते, जबड्यातील दुखणी आणि सांध्यांची झीज हाडावर नोंदली जाते, आणि अशा हजारो हाडांवरून हे कळले आहे की लांडगे मुख्यतः वासरे आणि म्हातारे, सांधे झिजलेले मूस मारतात. लहानपणी कुपोषण झालेल्या मूसांना पुढे सांधेदुखी अधिक होते, हेही याच संग्रहातून पुढे आले आहे. विष्ठेला मात्र हातमोजे घालूनही हात लावू देऊ नये. लांडग्यांची विष्ठा पायवाटेवरच मिळते, कारण लांडगेही माणसांसारखी सोपी वाट पसंत करतात, आणि तिच्यात फीतकृमीची अंडी असू शकतात. काडीने उलटून पाहण्याचीही गरज नाही. मूसाचे जाड केस वरूनच दिसतात.

भूगर्भशास्त्र विषयाबाहेरचे असले तरी ते पूर्ण टाळू नये, कारण मराठी मुलांना त्यात एक आपलेपणाचे दार आहे. आयल रॉयल हे सह्याद्रीप्रमाणेच लाव्हाच्या थरांवर थर साचून झाले आहे. सह्याद्रीचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आणि बहुतांशी आडवे आहेत. येथले सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचे आणि सरोवराच्या तळाकडे कललेले आहेत. त्यामुळे प्रत्येक डोंगररांगेची वायव्येकडील बाजू कड्यासारखी तुटलेली आणि आग्नेयेकडील बाजू सावकाश उतरती दिसते. गड-किल्ल्यांवर फिरलेला एखादा पालक गटात असेल तर बेसॉल्टमधील वायूच्या पोकळ्या तो लगेच ओळखेल. आपल्याकडे त्यांत झिओलाइटचे स्फटिक भरलेले असतात, येथे त्यांत कुठे अगेट, कुठे शुद्ध तांबे, तर कुठे मिशिगनचे राज्यरत्न असलेला हिरवा क्लोरॅस्ट्रोलाइट सापडतो. याच तांब्यासाठी मूळ रहिवाशांनी सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीपासून येथे दगडी हातोड्यांनी खड्डे खणले. ओजिब्वे लोक बेटाला मिनाँग म्हणतात, आणि मिनेसोटातील ग्रँड पोर्टेज येथील ओजिब्वे समाजाचा बेटाशी असलेला संबंध आजही चालू आहे. ‘वन्य प्रदेश’ म्हणजे माणूस कधी पोहोचलाच नाही असा प्रदेश, ही समजूत मुलांच्या मनातून येथेच काढून टाकावी. बेटाच्या पूर्वेकडील रॉक हार्बर या बंदराच्या पायवाटेवर एकोणिसाव्या शतकातील सिस्किविट खाणीचे अवशेष लागतात. ज्या विवरात लांडगे बुडाले त्याची आठवण येथे करून द्यावी, पण कठड्यापासून मुलांना दूर ठेवावे.

आता बेट पार करण्याविषयी. माझे उत्तर नाही असे आहे. ग्रीनस्टोन रिज ही बेटाच्या कण्यावरून जाणारी वाट सुमारे ६४ किलोमीटरची आहे. पाठीवर तंबू आणि अन्न घेऊन ती चालणारा गट सकाळी उठतो, चालतो, रात्री थकून झोपतो, आणि त्याला एखाद्या फांदीपाशी अर्धा तास बसायला सवड नसते. शिवाय आपले सहा दिवस घरापासून घरापर्यंतचे असतील तर त्यांतले दोन मोटारीत जातील, कारण जेथून जहाज सुटते ते होटन डेट्रॉइटहून सुमारे ९०० किलोमीटर आहे. म्हणून सहल आठ दिवसांची करावी किंवा बेटावर चारच दिवस मिळतील हे मान्य करावे.

मी सुचवेन तो कार्यक्रम असा. होटनहून उद्यानाचे स्वतःचे ‘रेंजर थ्री’ हे जहाज आहे. ते सुमारे सहा तासांत पूर्वेकडील रॉक हार्बरला पोहोचते. कॉपर हार्बरहून जाणारी खासगी बोट वेळ कमी घेते, पण ती लहान आहे आणि लेक सुपीरिअरच्या लाटा तिला अधिक जाणवतात. मळमळीची गोळी निघण्यापूर्वी घ्यावी. लाटा लागल्यानंतर घेऊन उपयोग होत नाही. पहिला मुक्काम थ्री माइल या तळावर करावा, कारण बोटीतून उतरल्यावर पाठीवरच्या ओझ्यासह पाचएक किलोमीटरच पुरेसे होतात. दुसऱ्या दिवशी डेझी फार्म या पुढच्या तळावर जाऊन शेवटची रात्र सोडून बाकीचे मुक्काम तेथेच करावेत. तेथून ओझे न घेता माउंट ओजिब्वेच्या मनोऱ्यापर्यंत चढून जाता येते, आणि त्या मनोऱ्यावरून तुटलेली वायव्य बाजू, उतरती आग्नेय बाजू आणि हवा स्वच्छ असल्यास कॅनडाचा किनारा एका नजरेत दिसतो. वाटेतील बीव्हरच्या तळ्यांवर पहाटे शांत बसल्यास पाण्यातील वनस्पती खाणारा मूस दिसण्याची शक्यता चांगली असते. या वनस्पतींमध्ये जमिनीवरील झाडांपेक्षा सोडियम कितीतरी अधिक असते, म्हणून मूस मानेपर्यंत पाण्यात उतरतात. परतीच्या बोटीच्या आधीची रात्र पुन्हा थ्री माइलला काढावी. सरोवर खवळल्यास बोट रद्द होऊ शकते, म्हणून एक दिवस आणि एका दिवसाचे अन्न राखीव ठेवावे. मिनेसोटातील ग्रँड पोर्टेजहून जाणाऱ्यांसाठी एक सूचना: बेटाचे घड्याळ मिशिगनचे, म्हणजे मिनेसोटापेक्षा एक तास पुढे असते.

वीस जणांचा एक गट म्हणून परवाना मिळणार नाही. सात ते दहा माणसांच्या गटाला आधी आरक्षण करून गटांसाठी राखलेल्या जागांवरच तंबू लावावे लागतात, आणि तीन भिंतींचे जाळीदार निवारे अशा गटांना वापरता येत नाहीत. म्हणून सात मुले आणि तीन मोठी माणसे असे दोन गट करावेत, त्यांचे परवाने वेगळे काढावेत आणि वरचा कार्यक्रम थोडा बदलून एक गट थ्री माइलला असताना दुसरा डेझी फार्मला राहील अशी आखणी करावी. अभ्यासालाही याचा उपयोग होतो. दोन्ही गटांनी एकाच वाटेवरील तुटलेल्या फांद्या स्वतंत्रपणे मोजाव्यात आणि परतल्यावर आकडे जुळवून पाहावेत. ते जुळत नाहीत. का जुळत नाहीत, यावर एक संपूर्ण तास जातो.

सुरक्षिततेबाबत पालकांना लांडग्यांची भीती वाटते आणि ती सर्वांत अनाठायी आहे. धोक्यांचा खरा क्रम वेगळा आहे. पहिला धोका थंड पाण्याचा. लेक सुपीरिअर ऑगस्टमध्येही इतके थंड असते की चांगला पोहणारा मुलगाही थोड्या वेळात गारठून निकामी होतो. धक्क्यावरून उडी मारण्यास स्पष्ट मनाई करावी. दुसरा धोका पाय मुरगळण्याचा: ओल्या मुळांवर आणि चिखलातील फळ्यांवर तो हमखास होतो, आणि मदत पोहोचायला कित्येक तास लागू शकतात. प्रत्येक गटाकडे उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण आणि दुर्गम भागातील प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेली एक व्यक्ती असलीच पाहिजे. मी यात सवलत देत नाही. तिसरा धोका मूसाचा. वासरू बरोबर असलेली मादी आणि सप्टेंबरमधील माजावर आलेला नर यांच्यापासून दूर राहावे; कान मागे पडले आणि मानेवरचे केस उभे राहिले तर जाड खोडाच्या आड जावे.

पिण्याच्या पाण्याबाबत भारतीय घरांत एक गैरसमज मी नेहमी पाहतो. अतिनील किरणांचे उपकरण किंवा क्लोरीनच्या गोळ्या असल्या की काम झाले, असे धरले जाते. येथे ते पुरत नाही, कारण मूस आणि लांडगे यांच्यामध्ये फिरणाऱ्या फीतकृमीच्या अंड्यांवर या दोन्हींचा भरवसा धरता येत नाही. पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळावे किंवा ०.४ मायक्रॉन अथवा त्याहून बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून गाळावे. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात अंतर्भागातील तळ्यांवर नीलहरित शैवालाचा थर येतो. त्याचे विष उकळूनही जात नाही आणि गाळूनही जात नाही, म्हणून शक्यतो सरोवराचेच पाणी घ्यावे.

अन्न हलके आणि लवकर शिजणारे हवे. पोहे, भाजलेला रवा, घरी शिजवून वाळवलेली मूगडाळीची खिचडी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत तूप एवढ्यावर शाकाहारी गट उत्तम चालतो. कच्ची डाळ शिजवण्यात मात्र इंधन फार जाते. सगळीकडे शेकोटीला परवानगी नसते, त्यामुळे लहान स्टोव्ह लागतोच. बेटावरचे कोल्हे तंबूबाहेर ठेवलेला बूटसुद्धा पळवतात आणि अलीकडे काही लांडगेही माणसांच्या अन्नाच्या वासाला सरावू लागले आहेत. माणसाच्या अन्नाची सवय लागलेला लांडगा अखेर जिवाला मुकतो, म्हणून अन्न, कचरा आणि दंतमंजनापर्यंतच्या वासाच्या सगळ्या वस्तू प्राण्यांना न उघडता येणाऱ्या डब्यांत ठेवाव्यात. डब्यांची वाटणी घरीच करून पाहावी. वीस माणसांचे अन्न अपेक्षेपेक्षा जास्त जागा घेते.

वेळेबाबत माझी पसंती ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्याला आहे. जूनमध्ये डास आणि चावऱ्या काळ्या माश्या मुलांना वही उघडू देत नाहीत. ऑगस्टअखेर त्या ओसरतात, ब्लूबेरी आणि थिंबलबेरी पिकलेल्या असतात, आणि मिशिगनमधील अनेक शाळा अजून सुरू व्हायच्या असतात. या काळातील जहाजाच्या जागा आणि गटांच्या तळांचे आरक्षण लवकर संपते, म्हणून उद्यानाच्या कार्यालयाशी हिवाळ्यातच संपर्क साधावा आणि त्या वर्षीचे नियम व जहाजाचे दिवस त्यांच्याकडूनच निश्चित करून घ्यावेत. जहाजाचे दिवस आधी ठरवावेत आणि तळांचे आरक्षण त्यांना धरून करावे. उलट क्रमाने केल्यास एक तरी रात्र अधांतरी राहते.